पाय पडतो तिथे वायर नको: घरी बनवलेल्या डान्स पॅडच्या नोंदी

१९ एप्रिल

हवंय ते एवढंच: चार बाणांचा लाकडी डान्स पॅड, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलेला, आणि दोन पोरांनी सुट्टीभर त्यावर धिंगाणा घातला तरी टिकणारा. पोरं म्हणजे माझा आठवीतला मुलगा आणि मिरजेहून राहायला आलेली भाची.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पडद्यावर बाण वर सरकत येतात, ठेका पडला की त्या दिशेच्या चौकोनावर पाय टाकायचा. कोनामी या जपानी कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ नावाने याचं आर्केड मशीन आणलं. आपण वापरणार तो स्टेपमेनिया, त्याच धर्तीचा, फुकट आणि ओपन सोर्स. विंडोजवर चालतो, लिनक्सवरही.

आधी घडीचा मऊ पॅड ऑनलाइन मागवला होता. फरशीवरून तो सारखा सरकायचा आणि थोड्याच दिवसांत त्याचा वरचा बाण मेला. आज कात्रीने उसवून बघितला. आत प्लास्टिकचे दोन पातळ ताव, त्यांवर कार्बनच्या काळ्या रेघा छापलेल्या आणि मधे भोकं पाडलेला फोम. पाय पडला की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. पॅडची घडी पडायची तिथेच रेघ तडकली होती. कार्बनला सोल्डर (वायर जोडायला वितळवतात तो कथिलासारखा धातू) धरत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा विषय संपला. भोकांचा फोम मात्र बाजूला काढून ठेवला, नमुना म्हणून कामाला येईल.

२१ एप्रिल

स्वस्तातला पहिला विचार सगळ्यांनाच सुचतो: जुना कीबोर्ड फोडायचा, आतली छोटी पाटी काढायची, बाणांच्या चार कींच्या जागी आपल्या चार वायरी जोडायच्या. माळ्यावर एक कीबोर्ड होता. फोडला. पाटी बोटभर रुंद, आणि ताव जिथे तिला टेकतो ते ठिपके पुन्हा कार्बनचेच. कार्बन खरवडून खालच्या तांब्यावर सोल्डर टाकायला गेले तर दोन ठिपके पाटीवरून उचलूनच आले.

ते जमलं असतं तरी पुढे अडचण होतीच. कीबोर्डमध्ये प्रत्येक कीला वेगळी वायर नसते, आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की चौथा न दाबताच दाबल्यासारखा दिसतो. टाइप करताना हे जाणवत नाही. नाचताना दोन पाय दोन बाणांवर आणि वर कोणीतरी एंटर दाबला, की गोंधळ.

घरात अर्दुइनो ऊनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारी छोटी इलेक्ट्रॉनिक बोर्ड, पडून होती. तिचाही उपयोग नाही. ऊनोची मुख्य चिप यूएसबीशी थेट बोलत नाही, मधे दुसरी चिप आहे आणि ती कॉम्प्युटरला फक्त सीरियल पोर्ट म्हणून दिसते. मूळ ऊनोच्या त्या मधल्या चिपमध्ये दुसरा प्रोग्राम भरता येतो, पण माझी नक्कल बोर्ड आहे, सीएच३४० नावाच्या मधल्या चिपची. तिच्यात तेही होत नाही. कीबोर्ड म्हणून ओळख देणारी बोर्ड हवी असेल तर एटीमेगा३२यू४ चिपची घ्यायची: लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. प्रो मायक्रो मागवली, ५२० रुपये.

२४ एप्रिल

बोर्ड यायच्या आत नमुना करून बघितला. खोक्याचा पुठ्ठा, दोन्ही बाजूंना स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, मधे उसवलेल्या पॅडचा भोकांचा फोम. संध्याकाळपर्यंत छान चालला, रात्री बाण कायमचा दाबलेलाच राहिला. पाय पडून पडून फॉइलला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीचा उंचवटा भोकातून पलीकडे टेकून बसतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे साधं सोल्डर बसतही नाही. वायर चिकटपट्टीने लावावी लागते आणि ती पायाखाली सुटते. ज्यांना एका वाढदिवसापुरता पॅड करायचाय त्यांनी खुशाल फॉइल वापरावी.

२७ एप्रिल

दिरांचं फर्निचरचं वर्कशॉप शंभर फुटी रोडला आहे. तिथे पाया कापून घेतला. आर्केड मशीनचे चौकोन साधारण २८ सेंटिमीटरचे असतात, म्हणून तीन बाय तीनचा पाया ८४ सेंटिमीटर चौरस आला. टीव्हीच्या बाजूला ८ सेंटिमीटर जास्तीची पट्टी ठेवली, बोर्डाची डबी बसवायला.

प्लायवरून थोडी बाचाबाची झाली. मला पाणी न लागणारं बीडब्ल्यूआर हवं होतं, कारण आमच्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात आणि २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं साधं प्लाय पोह्यासारखं फुगलेलं मी पाहिलंय. भाऊजी म्हणाले, “वहिनी, पॅड काय कृष्णेत सोडणाराय का?” शेवटी त्यांच्याकडे स्वयंपाकघराच्या ट्रॉलीतून उरलेला १८ मिमीचा बीडब्ल्यूआर तुकडा निघाला आणि वाद मिटला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. वरच्या चार पाट्यांसाठी ६ मिमीचं प्लाय, ४८० रुपये.

पत्रा गणपती पेठेतून. २६ गेजचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा), ६५० रुपये, आठ मोठे चौकोन कापून. दुकानदाराने आधी विचारलं, “ताई, कूलरला पायजे का पाण्याच्या टाकीला?” नाचायला म्हटल्यावर पोराकडून कडा घासून दिल्या, वर पैसे घेतले नाहीत. कडा घासल्याशिवाय पत्रा घरात आणू नका. अनवाणी नाचायचंय.

३० एप्रिल

पहिली रचना अशी: पायावर प्रत्येक बाणाखाली जीआयचा एक चौकोन, सगळे खालचे चौकोन एकमेकांना जोडून ग्राउंडला. वरच्या प्लायच्या पाटीला खालून दुसरा चौकोन, त्याला एक वायर, ती बोर्डाच्या पिनला. मधे दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी. पाय पडला की पत्रा पत्र्याला टेकतो. यात आणखी शहाणपण काहीही नाही.

बोर्डातली पिन ‘इनपुट पुलअप’वर ठेवायची. मोकळी असताना ती वर (५ व्होल्टला) असते, ग्राउंडला टेकली की खाली (शून्यावर) येते. खाली आली की ‘की’ दाबल्याचं कळवायचं, वर गेली की सोडल्याचं. अर्दुइनोच्या कीबोर्ड लायब्ररीत दोन्ही हुकूम तयार आहेत. प्रोग्राम जेमतेम एका पानाचा.

एक काळजी मात्र घ्या. कीबोर्डाचं सोंग घेणारी बोर्ड प्रोग्राम चुकला तर अखंड कळा दाबत सुटते आणि नवीन प्रोग्राम भरायला कॉम्प्युटर हातात राहत नाही. म्हणून ७ नंबरची पिन एका खटक्याच्या स्विचला दिली आहे; स्विच बंद असेल तर बोर्डाने तोंड उघडायचं नाही. तरीही अडकलात तर आरएसटी (रीसेट) पिन ग्राउंडला पटपट दोनदा टेकवा. सुमारे ८ सेकंद बूटलोडर (नवीन प्रोग्राम भरून घेणारा बोर्डातला छोटा प्रोग्राम) जागा राहतो, तेवढ्यात अपलोड करायचं.

खटक्याचा दुसरा उपयोग संध्याकाळीच कळला. पॅड कॉम्प्युटरला लावलेला, पडद्यावर माझी जीएसटीची शीट उघडी, आणि सासूबाई देवघराकडे जाताना पॅडवरून चालत गेल्या. कर्सर भलत्याच रकान्यात. मी न बघता आकडे भरत राहिले.

पत्र्याला सोल्डर करायला २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही. पत्रा एवढा मोठा की सगळी उष्णता ओढून घेतो आणि सोल्डरची गोळी वर नुसती बसते, बोटाने उडवली तर उडते. पत्रेवाले ॲसिड लावून करतात, पण ते नीट धुतलं गेलं नाही तर पुढे तांब्याच्या वायरीला खातं. म्हणून भोक पाडून वायरीच्या टोकाला थिंबल (दाबून बसवायचं धातूचं टोक), दातेरी वॉशर आणि एम४ चा स्क्रू. चारही बाण चालले. पोरं रात्री उशिरापर्यंत.

४ मे

उजवा बाण गेला. जोडला. मग डावा गेला. तोही जोडला तर उजवा पुन्हा.

दर वेळी दोष एकच: वरच्या पाटीला जाणारी वायर थिंबलच्या तोंडाशी तुटलेली. बाहेरून इन्सुलेशन शाबूत, आत तांबं तुटलेलं. मल्टिमीटरचा बीप पाटी उचलली की वाजायचा आणि खाली ठेवली की बंद. मी वापरली होती ती कॅट ६ केबलमधली एकतारी वायर. ती भिंतीत बसवायची असते, हलवायची नसते. बारीक धाग्यांची वायर घातली. ती जास्त टिकली, पण तीही तुटली. पाटी प्रत्येक पावलाला दोन-तीन मिलिमीटर खालीवर होते आणि एका गाण्यात पावलं शेकड्यांनी पडतात. वायर कुठली का असेना, ती वाकते त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकते.

वायर जाड करणं, स्प्रिंगसारखी गुंडाळून सोडणं, ग्लू गनने थिंबल बुजवणं, हे सगळे उपाय तुटण्याची तारीख पुढे ढकलतात. ग्लू गनने तर जागा बदलते फक्त. थिंबलच्या तोंडाऐवजी ग्लूच्या कडेला तुटते.

७ मे

रचनाच बदलली. आता वरच्या पाटीला वायरच नाही.

खालच्या एका अखंड पत्र्याऐवजी दोन तुकडे ठेवले, मधे फट. एक तुकडा ग्राउंडचा, दुसरा पिनचा. वरचा पत्रा खाली आला की दोघांवर पूल होऊन पडतो. सगळ्या वायरी खालच्या न हलणाऱ्या लाकडावर आणि वरचा पत्रा नुसता धातूचा तुकडा.

दोन अर्धे तुकडे घालून लगेच खेळून बघितलं तर दर काही पावलांनी एक पाऊल चुकायचं. भाची टाच बाणाच्या कडेला टाकते. तिथे वरची पाटी कलते, एकाच अर्ध्याला टेकते आणि पूल होत नाही. म्हणून अर्धे तुकडे काढून पट्ट्या केल्या: साडेचार सेंटिमीटर रुंद, २६ लांब, अशा पाच. एक ग्राउंड, एक पिन, एक ग्राउंड, एक पिन, एक ग्राउंड. दोन पट्ट्यांत ८ मिमी फट. आता पाय कुठेही पडो, शेजारच्या दोन पट्ट्या सापडतातच.

या पट्ट्या जीआयच्या नाहीत. भडंगवाल्याकडून १५ किलोच्या तेलाचे दोन रिकामे डबे आणले, ३० रुपयाला एक. डब्याचा पत्रा कथिलाचा थर दिलेला असतो, त्याला सोल्डर लोण्यावर सुरी फिरावी इतकं सहज लागतं, २५ वॅटच्या इस्त्रीनेही. डब्याची एक बाजू साधारण २३ बाय ३५ सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूत एका बाणाच्या पाच पट्ट्या नेमक्या बसतात आणि एका डब्यात चारही बाण. दुसरा डबा कापताना बिघडेल म्हणून. छापलेली बाजू खाली ठेवायची, तो रंग करंट जाऊ देत नाही. आणि डबा आधी गरम पाण्याने, भांड्याच्या साबणाने दोनदा धुवायचा. मी एकदाच धुतला होता, पहिल्या पट्टीवर सोल्डर ऐवजी शेंगतेलाचा धूर निघाला.

पट्ट्या लाकडाला चार छोट्या स्क्रूंनी. ग्राउंडची वायर आधी एका बाणातून दुसऱ्या बाणात अशी साखळीने नेली होती. आता प्रत्येक बाणाची वेगळी ग्राउंड वायर डबीपर्यंत आणली आणि तिथे एकत्र केली. साखळीत पहिला जोड सैल झाला की पुढचे सगळे बाण मरतात आणि दोष भलतीकडे शोधत बसावं लागतं. आता एक बाण मेला तर त्या बाणात बघायचं, चारही मेले तर डबीत.

१० मे

वायरी तुटायच्या थांबल्या, पण पाटी उशिरा उचलली जायची. एकाच बाणावर पटपट दोनदा पाय टाकला तर दुसरा मोजला जात नव्हता. फोमची पट्टी चौकोनाच्या चारही कडांना सलग लावली होती, त्यामुळे आतली हवा कोंडून पाटी गादीसारखी वागत होती. चारही कोपऱ्यांत दोन बोटं फट ठेवली, तेव्हा सुधारलं.

मग फोमच बसला. दररोजच्या दाबाने तो चपटा होतो आणि परत फुगत नाही. मधल्या भागात वरचा पत्रा पट्ट्यांपासून केसभर अंतरावर आला आणि बाण न दाबताच लागायला लागला. ३४० रुपयांची पट्टी काढून टाकली. पंक्चरवाल्याकडून सायकलची फुटकी ट्यूब आणली, फुकट. तिचे दोन सेंटिमीटरचे तुकडे एकावर एक दोन चिकटवले, प्रत्येक बाणाच्या चार कोपऱ्यांत आणि चार कडांच्या मधे. रबर दबतं आणि परत येतं. तुकड्याची जाडी सगळीकडे सारखी यायला ट्यूबचा शिवणीचा भाग टाळा.

१३ मे

हार्डवेअर शांत झाल्यावर सॉफ्टवेअरकडे. एका पावलाला दोन ठोके पडतात. पत्रा पत्र्यावर आपटला की काही मिलिसेकंद थरथरतो, जुळतो-सुटतो-जुळतो, आणि बोर्ड ते सगळं इमानदारीने कळवते.

पहिला उपाय सगळीकडे सापडतो तो: पिन बदलली की ५० मिलिसेकंद थांबायचं, पुन्हा बघायचं, मग कळवायचं. असा प्रोग्राम घातल्यावर दुहेरी ठोके गेले आणि गुणही गेले. स्टेपमेनियाच्या नेहमीच्या सेटिंगला सगळ्यात वरचा शेरा ठोक्याच्या मागेपुढे २२.५ मिलिसेकंदांत मिळतो, त्याखालचा ४५ मध्ये, त्याखालचा ९० मध्ये. सगळी पावलं सारखीच ५० ने मागे पडली असती तर ऑफसेट (गाणं आणि बाण यांच्यातलं वेळेचं अंतर) बदलून जुळवता आली असती. पण ‘थांब’ हा हुकूम सगळ्या बोर्डालाच थांबवतो. दोन बाणांवर एकदम उडी मारली की डावा बाण ५० ने मागे आणि उजवा त्याच्याही मागे आणखी ५० ने. उडी प्रत्येक वेळी फुटायची. मुलाचं म्हणणं होतं की त्याचे दोन्ही पाय एकदमच पडतात, आणि ते खरं होतं.

आताचा प्रोग्राम प्रत्येक पिनची वेळ वेगळी ठेवतो. पिन खाली आली की त्याच क्षणी दाबल्याचं कळवायचं, आणि मग १५ मिलिसेकंद त्या एका पिनकडे दुर्लक्ष. बाकीच्या तीन पिना नेहमीसारख्या चालू. दाबण्यात उशीर शून्य, थरथर गाळली जाते. सोडल्याचंही त्याच पद्धतीने. वेळ मोजायला मिलिसचा आकडा (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद), ‘थांब’ प्रोग्राममध्ये कुठेही नको.

काही जण कीबोर्डऐवजी बोर्डाला जॉयस्टिक करतात. तसं केलंत तर बाण बटणं म्हणून जोडा, दांडीच्या दिशा म्हणून नको. दांडी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे डावा-उजवा अशी उडी आली की दोन्ही एकमेकांना खातात. मला कीबोर्ड बरा वाटला. स्टेपमेनियात की नेमून द्यायची सोय आहे, आणि ऑप्शन्समधल्या ‘टेस्ट इनपुट’ पडद्यावर कुठला बाण कधी लागतो ते गाणं न लावताच दिसतं. दोष शोधायला मल्टिमीटरनंतर तोच पडदा.

१७ मे

बोअरची मोटर चालू झाली की डावा बाण आपोआप लागतो. आधी वाटलं योगायोग. मग मुलगा मोटरच्या स्विचजवळ उभा राहिला, भाची पडद्यासमोर, आणि दोघं एकमेकांना ओरडून सांगत राहिले. योगायोग नाही.

बोर्ड तोपर्यंत टेबलावर होती. पॅडपासून टेबलापर्यंत साडेतीन मीटर कॅट ६, आणि वाटेत ती एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीला चिकटून जात होती. बोर्डातला पुलअप, म्हणजे पिनला वर ओढून धरणारा रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार ढिला. लांब वायरीवर मोटरचा धक्का आला की पिन खाली ओढली जाते. दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पिनला ५ व्होल्टशी २.२ किलोओहमचा रेझिस्टर जोडला. आणि बोर्ड टेबलावरून उचलून पॅडच्या पट्टीवर डबीत नेली, म्हणजे पत्र्याच्या वायरी हातभरच राहिल्या आणि लांब जाते ती फक्त यूएसबी केबल. ती ३ मीटरची, २५० रुपये. मोटर आता बिनधास्त.

एंटर आणि एस्केपसाठी डबीवर दाराच्या बेलची दोन बटणं बसवली. पायानेही दाबता येतात.

२० मे

बोर्ड मेली. केबलमध्ये पाय अडकला, केबल ओढली गेली आणि प्रो मायक्रोचं यूएसबीचं तोंड खालच्या तांब्यासकट पाटीवरून उपटून निघालं. या बोर्डाची ही जुनी खोड आहे: तोंड फक्त वरून सोल्डर केलेलं असतं, पाटीत आरपार रोवलेलं नसतं. पट्ट्या न हलणाऱ्या करून मी हलणारी केबल त्या नाजूक तोंडालाच लावून ठेवली होती. पुन्हा ५२० रुपये.

नवीन बोर्ड आल्यावर केबल तोंडात घालून तोंडाभोवती ग्लू गन फिरवली. पुढे केबल डबीच्या आत एक वळसा घेऊन लाकडाला क्लिपने आवळली. आता केबल ओढली तर ओढ क्लिपवर येते. केबल काढायची असेल तर टेबलाकडच्या टोकाने काढायची, पॅडकडची कायमची समजा.

२४ मे

टीव्हीवर खेळलं की दोघांचे गुण पडतात, मॉनिटरवर खेळलं की वाढतात. टीव्ही चित्र सजवून दाखवण्यात वेळ घालवतो. सेटिंगमध्ये गेम मोड लावला, बराच फरक पडला. उरलेला फरक स्टेपमेनियातूनच: गाणं चालू असताना एफ६ दाबून मशीनचं ऑटोसिंक निवडायचं आणि पाऊल स्थिर असलेल्या माणसाला खेळायला लावायचं. ते काम भाचीचं, तिने कथकच्या दोन परीक्षा दिल्यात. मुलाच्या पावलांवर सिंक केलं तर सगळ्यांनाच त्याच्यासारखं घाईघाईत नाचावं लागेल. हाताने हलवायचं असेल तर शिफ्टबरोबर एफ११ आणि एफ१२.

२९ मे

दोन दिवस वळीव. हवेत ओल, पायाला घाम, आणि वरचा बाण कधी लागतो कधी नाही. पाटी उघडली तर जीआयच्या पत्र्यावर पांढरी भुकटी. तो जस्ताचा गंज. डब्याच्या पट्ट्या ठीक होत्या.

पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो. हलकं घासलं तर चालतं, जोर लावला तर जस्ताचा थर जातो आणि खालचं लोखंड तांबडं गंजतं. मी एक चौकोन तसा घालवला आणि त्याच्या जागी दुसऱ्या डब्याचा पत्रा लावला. एका बाजूची रुंदी पुरत नव्हती म्हणून डब्याचा कोपरा उलगडून दोन बाजूंचा सलग तुकडा घेतला. डब्याचा पत्रा पातळ आहे, पण वर ६ मिमीचं प्लाय चिकटवलेलं असल्याने वाकत नाही. आज पहिल्यांदा करत असते तर वरखाली दोन्ही डब्याचेच घेतले असते, आणि गणपती पेठेतले ६५० रुपये वाचले असते.

पाय पुसून चढायचं असा नियम केला. दारातलं पायपुसणं उचलून पॅडशेजारी ठेवलंय, सासूबाईंची त्यावरून तक्रार आहे.

४ जून

पोरांना शाळेतल्या लेझीमवर बाण हवे होते. सरावाचं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग मुलाकडे होतं. स्टेपमेनियाच्या फाइलला गाण्याची गती एका आकड्यात लागते, मिनिटाला किती ठोके. यंत्रावर बनवलेल्या गाण्याची गती शेवटपर्यंत तीच राहते. हलगीवाला माणूस आहे. रंग चढला की तो वाढतो. १२० ने सुरू केलं तर अर्ध्यात बाण ठेक्याच्या मागे पडायला लागले. फाइलमध्ये मधेमधे गती बदलता येते, तसे बदल घातले, दर आठ ठोक्यांना कानाने ऐकून. फाइल साधी टेक्स्टची असते, नोटपॅडमध्येही उघडते. हे काम पॅड जोडण्यापेक्षा किचकट निघालं आणि अजून अर्धंच झालंय.

९ जून

खर्च: दोन बोर्ड १,०४० रुपये, जीआय पत्रा ६५०, प्लाय ४८०, डबे ६०, कॅट ६ वायर २२०, यूएसबी केबल २५०, स्क्रू-थिंबल-वॉशर १८०, रेझिस्टर, खटका आणि बेलची बटणं ११०, वाया गेलेली फोमची पट्टी ३४०. एकूण ३,३३०. यातली पहिली बोर्ड आणि फोम मिळून ८६० रुपये पाण्यात. सगळ्यात जास्त वेळ वरच्या पाटीच्या वायरी पुन्हा पुन्हा जोडण्यात गेला, सगळ्यात कमी प्रोग्राममध्ये.

जोडणी: डावा बाण पिन २, खालचा ३, वरचा ४, उजवा ५. खटका ७, एंटर ८, एस्केप ९. कॅट ६ च्या चार जोड्या चार बाणांना. प्रत्येक जोडीतली पांढऱ्या पट्ट्याची वायर ग्राउंड, रंगीत वायर पिनला. हे सगळं डबीच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवलंय. दुसरा पॅड करायला घ्याल तर वरची पाटी शेजारच्या चौकोनापासून निदान ३ मिमी मोकळी ठेवा. माझी दीड मिमी होती. पावसाळी हवेत प्लाय थोडं फुगलं आणि उजवी पाटी अडकून बसली, रंध्याने कड काढावी लागली.